सोन्याचे खडे आणि हरवलेल्या अंगठ्या : मेटल डिटेक्टर कोणता घ्यावा?

रानवाट

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळत होतं, आज धागा काढतोच. मला मेटल डिटेक्टर घ्यायचा आहे आणि काम दोन प्रकारचं आहे. सोन्याच्या पट्ट्यातल्या ओढ्यांच्या काठी, जुन्या खाणकामाच्या आसपास नैसर्गिक सोन्याचे खडे शोधायचे आहेत. शिवाय समुद्रकिनाऱ्यावर हरवलेल्या अंगठ्या, साखळ्या, कानातली. एकाच मशीनमध्ये दोन्ही भागलं तर उत्तम.

वाचन भरपूर केलंय, पण जितकं वाचावं तितका गुंता वाढतोय. कुणी म्हणतं ७१ किलोहर्ट्झशिवाय बारीक सोनं दिसत नाही, कुणी म्हणतं पल्स इंडक्शन घ्या आणि बाकी सगळं विसरा. जाहिरातींत 'गोल्ड मोड' ठळक अक्षरात आणि खोलीचे मोठमोठे आकडे. ज्यांनी प्रत्यक्ष कॉइल (दांड्याच्या टोकाची तबकडी) फिरवली आहे त्यांनी सांगावं, विचार कुठून सुरू करायचा?

तळठाव

मशीनच्या आधी जमीन ठरवा. बाकी सगळे प्रश्न त्यातून सुटत जातात. जरा सविस्तर लिहितो.

फक्त सोनं ओळखणारं मशीन अस्तित्वात नाही. डिटेक्टरची कॉइल बदलतं चुंबकीय क्षेत्र सोडते. त्यामुळे जवळच्या धातूत एडी करंट, म्हणजे गोल फिरणारे वीजप्रवाह, उठतात, आणि त्या प्रवाहांचं क्षेत्र कॉइलला उलट जाणवतं. मशीनला कळतं ते इतकंच, की प्रवाह किती जोराचा होता आणि किती लवकर विरला. हे धातूवर जेवढं अवलंबून आहे तेवढंच वस्तूच्या आकारावर आणि जाडीवर.

शुद्ध सोनं वीजवाहकतेत चांदी आणि तांब्याच्या खालोखाल येतं. पण १८ कॅरेटच्या अंगठीत सोनं ७५ टक्के असतं, बाकी तांबं, चांदी किंवा दुसरं काही. मिश्रधातूची वाहकता शुद्ध धातूच्या मानाने बरीच घसरते. निकेल किंवा पॅलेडियम घातलेल्या पांढऱ्या सोन्यात तर फारच. म्हणून पडद्यावरचा टार्गेट आयडी (वस्तू कसली असावी हे सुचवणारा आकडा) सोन्याच्या बाबतीत एका जागी ठरत नाही. नाजूक अंगठी खालच्या आकड्यांत वाजते, जाडजूड अंगठी मधल्या. आणि त्याच पट्ट्यात ॲल्युमिनियमचा चकचकीत कागद (फॉइल), डब्यांच्या ओढायच्या कड्या आणि चुरगळलेली झाकणंही वाजतात.

आता फ्रिक्वेन्सी, म्हणजे कॉइलचं क्षेत्र सेकंदाला किती वेळा बदलतं ते. गव्हाच्या दाण्याहून लहान खड्यात उठलेला प्रवाह काही मायक्रोसेकंदांत विरतो. कमी फ्रिक्वेन्सीच्या मशीनला तो जवळपास जाणवतच नाही. म्हणून सोन्यासाठी बनवलेली व्हीएलएफ (सतत लहरी सोडणारी, नेहमीच्या प्रकारची) मशीन वरच्या फ्रिक्वेन्सीवर चालतात. फिशरचं गोल्ड बग २ हे ७१ किलोहर्ट्झवर, माइनलॅबचं गोल्ड मॉन्स्टर १००० हे ४५ वर, गॅरेटचं २४के ४८ वर. पण वरच्या फ्रिक्वेन्सीला जमिनीतली खनिजं आणि खारं पाणीही तेवढंच ठळक दिसतं. म्हणजे ७१ किलोहर्ट्झचं मशीन घेऊन ओल्या खाऱ्या वाळूत गेलात तर ते सतत ओरडत राहील. रानवाट, तुमच्या दोन कामांमधली खरी ओढाताण इथे आहे.

ओहोटी

तळठाव यांच्याशी सहमत. मी किनाऱ्याची बाजू मांडते, कारण माझं सगळं डिटेक्टिंग तिथलंच.

किनारा म्हणजे एक जमीन नव्हे. वरची कोरडी वाळू सोपी असते, तिथे जवळपास कोणतंही ठीकठाक व्हीएलएफ मशीन चालतं. ओली खारी वाळू आणि लाटांचा पट्टा मात्र वेगळा, कारण खारं पाणी स्वतःच वीजवाहक. एकाच फ्रिक्वेन्सीच्या मशीनचं ग्राउंड बॅलन्स (जमिनीचा आवाज वजा करण्याची जुळणी) काळ्या वाळूला जुळवलं की मीठ बोलतं, मिठाला जुळवलं की काळी वाळू. एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी सोडणारी मशीन दोन्ही परिणाम वजा करू शकतात. माइनलॅबचं एक्सकॅलिबर २, इक्विनॉक्स मालिका, नोक्ताचं लेजेंड ही या जातीची. ओल्या वाळूत उतरायचं असेल तर मल्टि-फ्रिक्वेन्सीला माझ्या मते पर्याय एकच, तो म्हणजे पल्स इंडक्शन, आणि त्याच्या अडचणी वेगळ्या.

साखळ्यांबद्दल फारसं कुणी सांगत नाही. बारीक साखळीचं वजन कितीही असो, मशीनला ती एकसंध दिसत नाही. कड्या एकमेकींना नुसत्या टेकलेल्या असतात, प्रवाह एका कडीतून दुसरीत नीट जात नाही, त्यामुळे डिटेक्टरला सुट्या सुट्या इवल्या कड्या जाणवतात. बरेचदा साखळी सापडते ती तिच्या फाशामुळे किंवा पदकामुळे. तुटलेल्या अंगठीचंही तसंच. वर्तुळ अखंड असेल तर प्रवाह गोल फिरतो आणि सिग्नल खणखणीत येतो. फट पडली की तीच अंगठी एकदम क्षीण वाजते. मल्टि-फ्रिक्वेन्सी मशीनमध्ये वरची फ्रिक्वेन्सी किती हे म्हणूनच बघायचं. इक्विनॉक्स ८०० मध्ये ४० किलोहर्ट्झ आणि गोल्ड मोड आहे, ६०० मध्ये दोन्ही नाहीत. नव्या जोडीत गोल्ड मोड ९०० ला आहे, ७०० ला नाही. नावं सारखी म्हणून फसायला होतं.

लालमाती

किनाऱ्याचं पटलं. पण नैसर्गिक सोन्याचा विषय इतक्यात मिटत नाही.

सोनं जिथे नैसर्गिकरीत्या सापडतं तिथली जमीन बहुतेक वेळा लोहखनिजांनी भरलेली असते. मॅग्नेटाइटची काळी वाळू, लाल जांभ्यासारखी माती, आणि हॉट रॉक. हॉट रॉक म्हणजे आजूबाजूच्या मातीपेक्षा वेगळ्या खनिजप्रमाणाचा दगड, जो मशीनला धातूसारखा वाजतो. अशा जमिनीवर व्हीएलएफची खोली निम्म्याहूनही खाली येऊ शकते. हवेत हातभर अंतरावरून वाजलेली वस्तू मातीत वीतभर खोलीवरही वाजत नाही. म्हणून हवेतल्या चाचणीचे व्हिडिओ पाहून मशीन निवडू नका.

पल्स इंडक्शन (पीआय) मशीन झटका देतं, थांबतं, आणि मग ऐकतं. काही मायक्रोसेकंद थांबल्यामुळे खारट पाण्याचा आणि जमिनीचा बराचसा प्रतिसाद तोवर ओसरलेला असतो. खनिजांनी भरलेल्या जमिनीत खोलवरचा मोठा खडा काढायचा तर आजही हाच मार्ग. माइनलॅबच्या जीपीएक्स मालिकेतली, एसडीसी २३००, गॅरेटचं ॲक्सिऑम ही यातली. जीपीझेड ७००० चं तंत्र थोडं वेगळं आहे, पण कामाचं क्षेत्र तेच.

मोठे खडे डिटेक्टरने सापडतात का, असं विचारणाऱ्यांसाठी: ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात किंगाउर इथे १९८० साली 'हँड ऑफ फेथ' नावाचा सुमारे २७ किलोचा खडा निघाला, तो गॅरेटच्या डिटेक्टरनेच. त्या भागात आधी पिढ्यान् पिढ्या खाणकाम झालं होतं.

ओहोटी

लालमाती, पीआयची खोली मान्य. पण किनाऱ्यावर तेच मशीन नेलं तर प्रत्येक खिळा, प्रत्येक बाटलीचं बूच खणावं लागतं. लोखंड वेगळं काढण्याची सोय काही पीआय मशीनवर असते, पण तिच्यावर विसंबून राहता येत नाही. गर्दीच्या किनाऱ्यावर दुपारभर गंजके खिळे उपसायचे आणि शेजारची अंगठी तशीच राहायची, हा सौदा मला मान्य नाही.

लालमाती

आणि माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. सोन्याच्या जमिनीवर डिस्क्रिमिनेशन (नको ते धातू गाळण्याची सोय) लावून फिरणं म्हणजे सोनं मागे ठेवून येणं. लहान खडा, त्यातून खनिजं मिसळलेल्या मातीतला, व्हीएलएफच्या पडद्यावर लोखंडाच्या भागात दिसू शकतो. तिथे सगळे धातू ऐकायचे आणि शंका आली की खणायचं. आपण दोघं वेगवेगळ्या जमिनीबद्दल बोलतोय, म्हणून दोघांचंही बरोबर आहे.

गणिती

खोलीच्या आकड्यांबद्दल एक हिशेब मांडतो. कॉइलचं क्षेत्र अंतराच्या साधारण तिसऱ्या घाताने कमी होतं, आणि लहान वस्तूकडून परत येणारं क्षेत्रही तसंच. कॉइलच्या मानाने वस्तू लांब असेल तेव्हा दोन्ही गुणून सहावा घात. म्हणजे खोली दुप्पट झाली की सिग्नल ६४ पट क्षीण. मशीनची संवेदनशीलता दुप्पट केली तरी खोलीत वाढ जेमतेम १२ टक्के. म्हणूनच 'दुप्पट खोली' म्हणणारी जाहिरात वाचली की मी पान उलटतो.

त्यापेक्षा कॉइलची निवड जास्त फरक पाडते. मोठ्या कॉइलचं क्षेत्र खोल जातं पण पसरट असतं, बारीक खडा त्यात हरवतो. छोट्या कॉइलचं क्षेत्र एकवटलेलं असतं, त्यामुळे वरच्या थरातला मूगडाळीएवढा खडाही पकडला जातो. नाण्याएवढ्या वस्तूसाठी ढोबळमानाने कॉइलच्या व्यासाएवढी खोली धरावी, तीही साध्या जमिनीत.

तळठाव

गणिती, हे फार चांगलं मांडलंत. कॉइलच्या आकाराबरोबर प्रकारही बघावा. कॉन्सेंट्रिक कॉइल (एकात एक गोल वेटोळी असलेली) शांत जमिनीत छान, वस्तूची जागाही अचूक दाखवते. खनिजयुक्त जमिनीत डबल-डी सरस, कारण ती एका वेळी कमी मातीकडे बघते. दोन 'डी' जिथे एकमेकांवर येतात तेवढ्या मधल्या उभ्या पट्टीतच तिचा खरा जोर असतो. त्यामुळे फेरी मारताना प्रत्येक वेळी अर्ध्या कॉइलपेक्षा जास्त पुढे सरकायचं नाही.

शुक्रतारा

एक बाळबोध प्रश्न. अँटेना लावलेली काही यंत्रं शंभर-दोनशे मीटरवरून सोन्याची दिशा दाखवतात म्हणे. त्यात सोनं, चांदी, हिरे असं निवडताही येतं. डोंगराळ भागात तेच सोयीचं नाही का पडणार?

गणिती

शुक्रतारा, कळकळीने सांगतो, त्या वाटेला जाऊ नका. वरचा सहाव्या घाताचा हिशेब पुन्हा बघा. वीतभर मातीखालचा खडा ऐकायला चांगल्या मशीनला घाम फुटतो, तिथे शंभर मीटर कुठून आले? लाँग रेंज लोकेटर नावाने विकली जाणारी ही यंत्रं हातात सैल फिरणाऱ्या दांडीवर चालतात, आणि दांडी वळते ती मनगटाच्या नकळत झालेल्या हालचालीने.

एडीई ६५१ चं उदाहरण जगासमोर आहे. बॉम्ब शोधणारं यंत्र म्हणून ते इराकमध्ये तपासनाक्यांवर वापरलं गेलं. आत काम करणारं काहीच नव्हतं. विकणाऱ्या जेम्स मॅकॉर्मिकला ब्रिटनमध्ये २०१३ साली दहा वर्षांची शिक्षा झाली. सोन्याच्या लोकेटरमागची युक्ती हीच.

शुक्रतारा

बापरे. वेळेवर विचारलं म्हणायचं. मनापासून आभार.

चांदणचुरा

मी खडे शोधायला जाते, गोल्ड बग २ आणि छोटी कॉइल घेऊन. मशीन निवडण्याच्या चर्चेत एक गोष्ट राहून जाते: सापडलेला कण हातात कसा येतो ते. त्यावरून कोणती कॉइल आणि कोणतं सामान हवं हे नीट कळतं, म्हणून लिहिते.

सिग्नल म्हणजे मोठा आवाज नव्हे. थ्रेशोल्डचा एकसुरी गुणगुणाट चालू असतो आणि त्यात मध्येच किंचित उंचवटा येतो. हेडफोनशिवाय वारा, पाणी यांत तो ऐकू येणार नाही. तेव्हा थांबायचं, त्याच जागेवरून चारी दिशांनी कॉइल न्यायची. जमिनीचा आवाज असेल तर तो पसरतो, कॉइल जराशी उचलली की एकदम नाहीसा होतो. धातूचा आवाज टोकदार राहतो आणि कॉइल उचलताना हळूहळू ओसरतो. मग पायाने वरचा थर बाजूला सारायचा आणि पुन्हा तपासायचं. आवाज सरकलेल्या ढिगात गेला, तर वस्तू हललेली आहे. दगडी थरातच राहिला तर फट खरवडायला घ्यायची.

यापुढचं काम प्लास्टिकच्या सुपडीने. ढिगातली मूठभर माती सुपडीत घ्यायची, कॉइलवरून फिरवायची. वाजली नाही तर टाकून दुसरी. वाजली तर अर्धी माती तळहातावर काढायची आणि सुपडी पुन्हा फिरवायची. असं निम्मं-निम्मं करत शेवटी चिमूटभर माती उरते. ती कॉइलच्या पाठीवर थोडी थोडी सोडायची. कण पडला की टक्कन आवाज होतो. बोटाने माती बाजूला सारत गेलं की जो कण सरकवल्यावर आवाजही सरकतो, तो आपला. कित्येकदा ती छर्ऱ्याची गोळी निघते, कारण शिसं आणि बारीक सोनं सारखंच वाजतं. सोनं असेल तर रंगावरून लगेच कळतं: उन्हात धरा की सावलीत, पिवळेपणा तोच राहतो. अभ्रकाची चकाकी सावलीत नेली की विझते.

हातात अंगठ्या, मनगटावर घड्याळ, बुटाला लोखंडी टोपी असेल तर हे सगळं करता येत नाही. आणि मशीन हलकं हवं. दुपारनंतर खांदा भरून आला की कॉइल वर वर उचलली जाते, आणि जमिनीपासून चार बोटं वर गेलेली कॉइल बारीक खडा ऐकत नाही.

रानवाट

चांदणचुरा, हे वाचताना अगदी समोर घडतंय असं वाटलं. एक विचारतो: बारीक सोन्याची धूळ असेल तर? ओढ्यात तीच जास्त असते असं ऐकलंय.

चांदणचुरा

धुळीला डिटेक्टर नाही, परात. डिटेक्टर तुकडा ऐकतो. किलोभर वाळूत विखुरलेली सोन्याची भुकटी त्याला जवळपास ऐकू येत नाही, कारण प्रत्येक कणात प्रवाह वेगळा आणि इतका छोटा की जाणवतच नाही. पांढऱ्या गारेच्या दगडात केसासारखं पसरलेलं सोनंही कधी कधी निसटतं. सोन्याची घनता १९.३, गारेची २.६५, म्हणून परातीत हलवल्यावर सोनं तळाशी राहतं. मी दोन्ही बरोबर नेते. परातीत रंग दिसला की त्या वळणाचा खडकाळ तळ डिटेक्टरने चाळायचा.

ओहोटी

वजनाचा हाच नियम किनाऱ्यावरही लागू. वादळानंतर लाटा वाळू कापून नेतात आणि खालचा टणक थर उघडा पडतो. तिथे दगड, जुनी नाणी आणि मासेमारीची शिशाची वजनं एकत्र सापडू लागली की मी पुढे जातच नाही, तिथेच बारकाईने शोधते. ज्या पाण्याने शिसं आणून ठेवलं त्यानेच सोनंही आणलेलं असतं. कंबरभर पाण्याचा पट्टाही विसरू नका. गार पाण्यात बोटं आक्रसतात आणि अंगठ्या तिथेच निसटतात. म्हणून कॉइलच नव्हे, मशीनची पेटीही पाण्यात चालणारी हवी. इक्विनॉक्स ८०० ला ३ मीटर, ९०० ला ५ मीटर खोलीची मुभा आहे.

आणि सापडलेली अंगठी कुणाची तरी असते. आत कोरलेलं नाव किंवा तारीख असेल तर मालक शोधायचा प्रयत्न जरूर करा. मला या छंदात सर्वांत समाधान त्यातच मिळतं.

तळठाव

परवानगीचंही आत्ताच सांगतो. जागामालकाची लेखी परवानगी, संरक्षित पुरातत्त्वीय जागेपासून दूर, आणि त्या त्या देशाचे नियम आधी वाचून. व्हिक्टोरियात खडे शोधायला 'मायनर्स राइट' नावाचा परवाना लागतो. इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये १९९६ च्या ट्रेझर ॲक्टखाली ठरावीक प्रकारचे जुने ऐवज कळवावेच लागतात. इतरत्र वेगळे कायदे. परवाना नसेल तर मशीन पेटीतच राहू द्या.

रानवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. आता माझं चित्र स्पष्ट झालंय. वर्षाचा हिशेब मांडला तर मी किनाऱ्यावर बऱ्याचदा जाऊ शकतो, सोन्याच्या पट्ट्यात अधूनमधून. म्हणून गोल्ड मोड असलेलं, पाण्यात चालणारं मल्टि-फ्रिक्वेन्सी मशीन घेतो, आणि खड्यांसाठी त्यालाच एक छोटी कॉइल. पीआयचा विचार पुढे, जमीन ओळखीची झाल्यावर. बरोबर जातंय ना? आणि वापरलेलं मशीन मिळत असेल तर काय तपासू?

लालमाती

पीआयवाला असूनही सांगतो, बरोबर जातंय. तुम्ही सांगितलेल्या प्रमाणात मीही हेच घेतलं असतं. फक्त लाल जमिनीवर सेन्सिटिव्हिटी खाली आणायला कचरू नका. पूर्ण चढवलेलं, बडबडणारं मशीन कमी खोलवर ऐकतं.

तळठाव

वापरलेलं घेताना चाचणी घरात करू नका. फरशीखालच्या सळया, वायरी, पंखे सगळं मध्ये येतं. १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरातली गोळी शोधायला अलेक्झांडर ग्रॅहम बेलने असंच इंडक्शनचं उपकरण आणलं होतं, आणि पलंगाच्या लोखंडी स्प्रिंगांनी त्याचा घोळ केला. मोकळ्या मैदानात, विजेच्या तारांपासून लांब जा. मशीन चालू करून नॉइज कॅन्सल (आसपासच्या विजेचा गोंगाट घालवण्याची सोय) करा, मग कॉइल दोन-तीनदा जमिनीवरून वरखाली नेत ग्राउंड बॅलन्स करा.

त्यानंतर कॉइलची केबल जोडणीपाशी हलकेच वाकवून बघा. आवाज तडतडला तर केबल किंवा जोडणी खराब. कॉइलचं खालचं आवरण काढून आत वाळू, तडा आहे का बघा. समुद्रात वापरलेलं असेल तर चार्जिंगच्या पिनांवर हिरवट गंज आहे का, बॅटरीच्या झाकणाचं रबर ताठ झालंय का. शेवटी छोटा छर्रा मातीत दोन बोटं पुरून तो वाजतो का ते ऐका.

ओहोटी

आणि घरी आणल्यावर प्रत्येक किनारावारीनंतर गोड्या पाण्याने धुवायचं, आवरण काढून कॉइलसुद्धा. दांड्याच्या जोडात वाळू राहिली की ती पुढच्या वेळी निघत नाही. पिनपॉइंटर (खड्ड्यातली नेमकी जागा दाखवणारा हातातला छोटा डिटेक्टर) मात्र पहिल्या दिवसापासून बरोबर घ्या, तोही पाण्यात चालणारा.

रानवाट

नोंद केली. मोठी कॉइलही सोबतच घ्यावी का, की थांबू?

चांदणचुरा

थांबा. आधी छोट्या आणि मूळ कॉइलवर आवाज ओळखीचे होऊ द्या.